मामांची अमेरिकन सायकल विकायची आहे: आधी रंग नको, आधी नंबर वाचा

जुळे सोलापुरातून एका ताईंनी विचारलंय. त्यांचे मामा चार वर्षं अमेरिकेत नोकरीला होते. १९९१ साली परत येताना सामानासोबत तिथली जाड टायरची गिअरवाली सायकल घेऊन आले. इथे दहा-बारा वर्षं चालवली, मग गुडघे दुखायला लागले आणि सायकल माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत चादरीखाली गेली. मामा मागच्या वर्षी वारले. मामींना ती विकायची आहे, पण भंगारात घालायची नाही. भंगारवाला म्हणतो, "चारशे देतो की ताई." ओळखीचा दुकानदार म्हणतो तीन हजार. नात्यातल्या एका मुलानं मोबाईलवर बघून सांगितलं की अशा सायकली परदेशात दोन लाखांना जातात. आणि आणखी एकाचा सल्ला असा की आधी रंग मारून घ्या, नवीन गिअर बसवा, मग भाव येईल. तर खरी किंमत किती, आणि विकायची कुठे?

ताई, तुमचे आठही फोटो मी मोठे करून बघितले. पस्तीस वर्षं सायकली उघडतोय, त्यातली निम्मी तरी वर्षं जुन्या परदेशी सायकली हाताखालून जातायत. किमतीचं पुढे सांगतोच, पण आधी एक काम करा: सायकल रंगवाल्याकडे नेऊ नका. आज नको, आणि विकेपर्यंतही नको.

हे एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे अशीच एक सायकल घेऊन आले. जपानात तयार झालेली फ्रेम, निळ्यावर पांढरे शिंतोडे उडवल्यासारखा रंग, काही ठिकाणी खरचटलेली, पण कंपनीचे सगळे स्टिकर जागेवर. मी पुण्याच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले, तो रविवारी यायला तयार झाला. गुरुजींना वाटलं, पाहुणा येतोय तर सायकल नीट दिसावी. त्यांनी मला न सांगता ती पावडर कोटिंगला दिली. शनिवारी संध्याकाळी परत आली ती झकास चकचकीत काळी. स्टिकर गेले, फ्रेमच्या नळीच्या जातीची माहिती देणारा छोटा बिल्ला गेला, खालच्या एक्सलच्या (ज्यावर क्रँक फिरतात) आट्यांत पावडर भाजून बसली, आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर इतका बुजला की नखानं चाचपून वाचावा लागला. पुण्याचा माणूस आला, वरच्या नळीवरून एकदा हात फिरवला, चहा घेतला आणि परत गेला. नंतर ती सायकल गावातच एका कॉलेजच्या पोरानं घेतली, आधी बोलणं झालं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाला. गुरुजींचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी प्रेमानंच केलं होतं सगळं.

जुनी सायकल घेणारा माणूस तिचा मूळ रंग, मूळ स्टिकर आणि कारखान्यातून निघाली तेव्हाचे भाग यांचे पैसे देतो. खरचटलेला मूळ रंग हा त्याच्या लेखी पुरावा असतो. नवा रंग आला की पुरावा संपला, आणि खालची फ्रेम वाकलेली, तडकलेली, पुन्हा डाक दिलेली तर नाही ना, हा संशय वर येतो.

आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघू. आपल्याकडे जाड टायरची कुठलीही सायकल म्हणजे "रेंजर". हिरोची रेंजर इतकी गाजली की ते नावच जातीचं नाव होऊन बसलं. त्यामुळे तुमच्या दुकानदारानं तीन हजार सांगितले यात त्याची लबाडी नाही, त्यानं जुन्या रेंजरचा भाव सांगितला. तुमची सायकल वेगळी आहे. फोटोत खालच्या नळीवर "ट्रेक" आणि वरच्या नळीवर "९५०" दिसतंय. ट्रेक ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली, वॉटर्लू गावची कंपनी, १९७६ ला सुरू झालेली. सीटखालच्या नळीवर "ट्रू टेम्पर"चा स्टिकर आहे, तो फ्रेमच्या नळ्या बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा. म्हणजे फ्रेम क्रोमोलीची, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची. आपल्या साध्या सायकलींची नळी जाड भिंतीच्या मऊ पोलादाची असते. क्रोमोली ताकदवान असल्यामुळे भिंत पातळ ठेवता येते, आणि चांगल्या फ्रेममध्ये तर नळी टोकांना जाड आणि मधे पातळ ओढलेली असते. नळीच्या मधोमध नखानं टिचकी मारा आणि मग शेजारच्या एखाद्या साध्या सायकलला मारा. एकीचा आवाज टणत्कारासारखा येईल, दुसरीचा बद्द.

जोडांवर लग आहेत, म्हणजे नळ्या ज्यात बसवून पितळेनं झाळतात त्या पोलादी बाह्या. इथे गंमत अशी होते की आपल्या ॲटलस, हिरोच्या काळ्या सायकलींनाही लगच असतात, म्हणून गिऱ्हाईक बघून म्हणतं, "ही तर जुन्या पद्धतीची." पण पातळ क्रोमोलीवर स्वच्छ झाळलेले लग ही त्या काळातली चांगल्या कामाची खूण आहे. तुमच्या फोटोत हेडजवळच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीजवळच्या लगची कड सुईनं रेघ ओढल्यासारखी आहे. तो फोटो जाहिरातीत नक्की घाला.

साल कसं ठरवायचं? गिअरचे भाग शिमानो या जपानी कंपनीचे आहेत. शिमानो त्या काळात प्रत्येक भागावर दोन इंग्रजी अक्षरं ठोकायची: पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्षासाठी ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं झेडपर्यंत. महिन्यासाठी ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. तुम्ही पायडल-क्रँकच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, तिथे "ओसी" स्पष्ट वाचता येतंय. ओ हे पंधरावं अक्षर, म्हणजे १९९०, आणि सी म्हणजे मार्च. क्रँक मार्च १९९० चा, म्हणजे सायकल १९९० च्या आसपासची. मामांच्या परतीच्या सालाशी हे जुळतं. आता मागचा डिरेलर (चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), ब्रेक, हब (चाकाच्या मधला तुंबा) यांवरची अक्षरंही ओल्या फडक्यानं पुसून वाचा. सगळी एकमेकांच्या आगेमागे सहा-आठ महिन्यांत असतील तर भाग मूळचे आहेत असं धरायला हरकत नाही. एखाद्यावर १९९६ चं यू निघालं तर तो नंतर बदललेला. बदललेला असला तर तसं सांगा, लपवू नका. घेणारा ही अक्षरं तुमच्याआधी वाचेल.

भागांवर "डिओरे डीएक्स" असं लिहिलंय. त्या वर्षी शिमानोच्या डोंगरी गिअरांमध्ये एक्सटी सगळ्यात वर, त्याखाली डीएक्स, त्याखाली एलएक्स होतं. एक्सटीआर आलं ते १९९२ च्या सायकलींवर. म्हणजे तुमची सायकल वरून दुसऱ्या पायरीची. चांगली, मन लावून बनवलेली, पण कारखान्यातून मोठ्या संख्येनं निघालेली.

दोन लाखांची गोष्ट इथेच सुटते. ही सायकल-जातच, म्हणजे डोंगरी सायकल किंवा माउंटन बाइक, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत, माउंट तमालपैसच्या उतारांवर जन्मली. तिथली पोरं श्विन कंपनीच्या १९३०-४० च्या दणकट जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवायची आणि मातीच्या वाटेनं सुसाट खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांची पहिली शर्यत झाली. त्या वाटेचं नाव "रीपॅक". मागच्या चाकाला पायडल उलटं मारून लागणारा हब-ब्रेक असायचा. तो उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. हब उघडून ग्रीस भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही! त्यातल्याच जो ब्रीझनं १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी फ्रेमा बनवल्या. टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली यांनी १९७९ पासून त्या विकायला सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानात बनवून घेतलेली स्टम्पजम्पर आली, आणि डोंगरी सायकल कारखान्यात गेली.

लाखांत जातात त्या सायकली या सुरुवातीच्या हातबनावटीच्या, किंवा नंतरच्या छोट्या कार्यशाळांतल्या: रिचीच्या जुन्या फ्रेमा, फॅट चान्स, मर्लिनच्या टायटॅनियमच्या, रंगासाठी प्रसिद्ध असलेल्या क्लाइन, येतीच्या मोजक्या. आणि त्याही पूर्ण मूळ अवस्थेत असतील तर. तुमच्या नातेवाईक मुलानं बहुतेक अशीच एखादी बघितली असणार, किंवा कुणीतरी मागितलेली किंमत बघितली. परदेशी लिलावाच्या साइटवर "विकले गेलेले" असा एक वेगळा गाळणीचा पर्याय असतो, तो लावून बघा. मागितलेला भाव कितीही असू शकतो, खरा भाव पैसे हातात पडले तोच. त्या यादीत ट्रेक ९५० सारख्या सायकली मला दीडशे ते तीनशे डॉलरच्या दरम्यान जाताना दिसतात, नीट असल्या तर. आणि सोलापुरातून अख्खी सायकल खोक्यात घालून अमेरिकेला पाठवायची तर भाड्यातच तेवढे पैसे जातील. म्हणून परदेशी गिऱ्हाईक डोक्यातून काढून टाका.

किंमत ठरण्याआधी फ्रेम शाबूत आहे का ते बघायला हवं. फोटोत हे कळत नाही, तुम्हाला घरीच करावं लागेल. अवघड नाही.

पहिलं, भर सकाळच्या उजेडात सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. खालच्या नळीचा हेडजवळचा भाग, लगच्या मागे दोन-तीन इंच, तिथे बोट घट्ट दाबून फिरवा. समोरून धडकलेल्या सायकलची नळी तिथे हलकीशी फुगते, किंवा रंगाला सुरकुती पडते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. मग मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो ते कोपरे, सीटच्या क्लॅम्पखालची खाच, आणि खालच्या एक्सलमागचा छोटा आडवा पूल बघा. केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती तडा असू शकते. फोटो पाठवा.

दुसरं, दोऱ्याची परीक्षा. सोलापुरात सुताच्या दोऱ्याला तोटा नाही, शेजारच्या कुठल्याही मागवाल्याकडून हातभर काढून आणा, फक्त ताण देऊन न लांबणारा घ्या. मागचं चाक काढा. डाव्या बाजूच्या एक्सलच्या खाचेला दोरा बांधा, पुढे नेऊन हेडच्या नळीला पुढून वळसा द्या आणि परत मागे आणून उजव्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या उभ्या नळीपासून डाव्या दोऱ्याचं आणि उजव्या दोऱ्याचं अंतर पट्टीनं मोजा. दोन्ही सारखी, किंवा फरक दोन मिलिमीटरच्या आत, तर मागचा भाग सरळ आहे. चार-पाच मिलिमीटर निघाले तर सायकल कधीतरी पडलेली आहे. पोलाद असल्यामुळे जाणकाराला ती सरळ करता येते, पण भावात फरक पडतो. मी हे माप कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. एवढी मेहनत घेतलेला विकणारा दुसरा भेटत नाही, त्यामुळे पुढची घासाघीस निम्मी कमी होते.

तिसरं, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी. ही सगळ्यात नाजूक गोष्ट आहे आणि तुमच्या सायकलबद्दल मला याचीच काळजी वाटते. ॲल्युमिनियमची दांडी पोलादाच्या नळीत वीस वर्षं हलवली नाही, तर दोन धातूंमध्ये गंज धरून ती जणू एकजीव होते. क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, कडेनं गंज सोडवणारं तेल थेंबथेंब सोडा, सायकल तशीच दोन दिवस ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ पुन्हा थेंब. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. हातोडा नाही, लांब पाइप लावून जोर नाही. निघाली की तिच्यावरचा आकडा वाचा, २७.२ किंवा २६.८ असं काहीतरी असेल. नळीचं आतलं माप जेवढं मोठं तेवढी तिची भिंत पातळ, म्हणून जाणकार हा आकडा आवर्जून विचारतात.

गंजाबद्दल एक दिलासा. आपली हवा कोरडी. मुंबईत वीस वर्षं पडलेली सायकल आणि सोलापुरात पडलेली यांत फार अंतर असतं, आणि मोठ्या शहरातल्या संग्राहकांना ते ठाऊक आहे. जाहिरातीत "सोलापूर, कोरडी हवा, घरात ठेवलेली" हे शब्द घाला. पण उन्हाळ्यात पत्र्याखाली जी भट्टी पेटते तिनं रबर खाल्लंय. टायरच्या कडा तडकल्यात, हँडलच्या मुठी चिकट झाल्यात, ब्रेकचे गुटके दगड झालेत. फोटोत दिसतंय. ते घाबरण्यासारखं नाही.

आता साफसफाई. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊ नका, पाणी हबमध्ये आणि खालच्या एक्सलमध्ये शिरतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, जुना टर्किश टॉवेल. सोलापुरात टॉवेलचे तुकडे मिळायला काय अडचण! स्टिकरवर नुसतं ओलं फडकं हलकं टेकवा, घासू नका. रॉकेल फक्त चेन आणि दातऱ्यांना, रंगाला लावू नका. गिअरची खटकी हलत नसेल, तर ती मेली असं समजून बदलू नका. त्या काळच्या शिफ्टरमध्ये आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं. आतलं ग्रीस विरघळवणारा फवारा मारला, पुन्हा पुन्हा खटकी दाबली, की बहुतेक वेळा जीव येतो, मग पातळ तेल. माझ्याकडे आलेले असे दहांपैकी आठ-नऊ शिफ्टर चालू झालेत. "नवीन गिअर बसवा" म्हणणाऱ्याचं ऐकलंत तर मूळ डीएक्सचे भाग काढून स्वस्तातले बसतील, आणि सायकलीची निम्मी किंमत त्याच्या दुकानातल्या डब्यात राहील.

खर्च फक्त झिजणाऱ्या वस्तूंवर करा: दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे चार गुटके, सगळ्या केबल, दोन्ही हब, खालचा एक्सल आणि हेड या चारही ठिकाणचे छर्रे आणि ग्रीस, चाकांचा आऊट काढणं. चेन बदलायची का ते पोलादी पट्टीवर मोजा. एका पिनेच्या मध्यापासून धरून बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. इंचाचा सोळावा भाग पुढे गेला तर चेन झिजली, आठवा भाग गेला तर मागचे दातरेही गेले. सगळं मिळून मजुरीसकट साडेतीन-चार हजारांच्या वर जायला नको. टायर घेताना २६ बाय १.९५ असं लिहिलेला घ्या. २६ बाय १ ३/८ हा लेडीज सायकलचा टायर, आकडा २६ च असला तरी रिम वेगळ्या व्यासाची आहे, बसणार नाही. काढलेले मूळचे टायर, मुठी, केबलची टोकं एका पिशवीत घालून सायकलसोबत द्या. संग्राहकाला ती पिशवी सोन्यासारखी वाटते.

किंमत. माझा अंदाज असा आहे, फ्रेम सरळ आणि सीटपोस्ट सुटला असं धरून. आहे त्या अवस्थेत, धूळ पुसून विकली तर आठ ते दहा हजार. वर सांगितलेलं काम करून, चालवून दाखवता येईल अशी केली तर चौदा ते अठरा हजार. नेमकी हीच सायकल, हाच रंग, हीच मोजमापं शोधणारा माणूस मिळाला तर बावीसपर्यंत, पण त्यासाठी पाच-सहा महिने थांबायची तयारी हवी. फ्रेमची उंचीही बघा, खालच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत. सोळा ते अठरा इंच असेल तर आपल्याकडच्या उंचीला बसते. एकवीस-बावीस असली तर घेणारे कमी होतात आणि भाव दोन-तीन हजारांनी उतरतो. सीटपोस्ट अडकलेलाच राहिला तर सरळ पाच-सहा हजार वजा करा.

भाग सुटे करून विकले तर एकूण रक्कम जास्त येऊ शकते, हे खरं आहे. काहीजण करतात. डीएक्सचे चांगले भाग टपालानं कुठेही जातात. पण मामींनी "भंगारात नको" म्हटलंय, आणि सुटी केलेली सायकल ही माझ्या मते भंगारच. तो रस्ता मी तुम्हाला सुचवणार नाही.

घेणार कोण? गावातल्या तरुणांना आज मोठं चाक आणि डिस्क ब्रेक हवेत, त्यांच्याकडे फार वेळ घालवू नका. दोन प्रकारची माणसं तुमची आहेत. एक संग्राहक, तो पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरला बसलाय. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं आख्खं संग्रहालय आहे, जमलं तर एकदा बघून या. जुनी वस्तू मूळ रूपात कशी ठेवतात ते डोळ्यांना कळेल, आणि तिथे येणारी माणसं याच वेडाची असतात. दुसरा म्हणजे सायकलवर लांबचा प्रवास करणारा. त्याला पोलादी फ्रेम हवी असते, कारण मोडली तर रस्त्यात झाळता येते. कॅरिअरचं वजन झेलणारा मागचा लांब भाग हवा असतो. आणि २६ इंचाचा टायर हवा असतो, कारण तो अक्कलकोटला मिळतो, नळदुर्गला मिळतो, कुठल्याही तालुक्याला मिळतो, परदेशी मोठ्या चाकाचा मिळत नाही. सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर असं रविवारी फिरणाऱ्या मंडळींत अशी माणसं असतात. दर रविवारी पहाटे निघणाऱ्या गटाला सायकल दाखवा, जाहिरातीपेक्षा तोंडी बातमी लवकर पोचते.

जाहिरातीचा फोटो सकाळी सातच्या उन्हात, साध्या भिंतीसमोर, चेनच्या बाजूनं काढा. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या छोट्या दातऱ्यावर चढवून ठेवा, त्यामुळे ती ताणलेली दिसते. मग नंबर, लग, अक्षरं, आणि प्रत्येक खरचटा जवळून. मजकूर असा पुरेल: "ट्रेक ९५०, अमेरिकन क्रोमोली फ्रेम, भाग मार्च १९९० च्या आसपासचे, शिमानो डिओरे डीएक्स. एकाच मालकाची, मूळ रंग, फ्रेम दोऱ्यानं तपासलेली, माप सोबत. टायर, केबल, ब्रेकचे गुटके नवीन, मूळचे सोबत देऊ. किंमत अठरा हजार, बघून ठरवू." "रेअर", "अँटिक" असले शब्द टाळा, त्यांनी फक्त टवाळखोर येतात.

ऑनलाइन जाहिरात टाकली की पहिल्या तासाभरात एखादा फोन येईल: न बघता घेतो, पूर्ण पैसे देतो, मी सैन्यात आहे, क्यूआर पाठवतो, तुम्ही फक्त स्कॅन करा. ताई, पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. मामींच्या मोबाईल नंबरवर जाहिरात देऊ नका, तुमचा द्या. चुकून फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

बघायला येणाऱ्याला घरात एकट्या मामी असताना बोलावू नका. कंबर तलावाजवळ सकाळी बोलवा, तिथे चालवून बघायलाही जागा आहे. त्यानं चालवायला नेताना ओळखपत्र आणि त्याची गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवायला सांगा, चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. सायकलला आरसी बुक नसतं, म्हणून पावती हाच कागद. साध्या कागदावर दोघांची नावं, फ्रेमचा नंबर, रक्कम, तारीख आणि सह्या, दोन प्रती. विकणारी म्हणून सही मामींची. मामांच्या सामानात कस्टमचा कागद, अमेरिकेतल्या दुकानाचं बिल, किंवा त्यांचा या सायकलसोबतचा एखादा फोटो सापडतो का बघा. बिलाची झेरॉक्स सोबत दिली तर मी हजार-दीड हजार जास्त मागायला सांगेन, कारण तीस वर्षांनंतर पहिल्या मालकाचा कागद सहसा सापडत नाही. फोटो मात्र मूळ देऊ नका, प्रत काढून द्या.

बाहेरगावी पाठवायची वेळ आली तर कुठल्याही सायकल दुकानातून नवीन सायकलचं रिकामं खोकं मागून आणा. पायडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलच्या आट्या उलट्या असतात. नेहमीसारखं डावीकडे फिरवलंत तर ते आणखी घट्ट बसेल आणि क्रँकच्या आट्या जातील. पुढचं चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर दाबून वाकतो. नळ्यांना टॉवेल गुंडाळा, चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका, ओढताना मूळ रंग निघून येतो. पैसे खात्यात आल्यावरच खोकं रेल्वे पार्सलला किंवा ट्रॅव्हल्सवाल्याकडे द्या.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: दोऱ्याची दोन मापं, सीटच्या नळीची लांबी, आणि खालच्या एक्सलखाली ठोकलेला नंबर, तिथला मळ दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढून. सीटपोस्टला तेल आजच रात्री सोडा. चार दिवसांत हललाच नाही तर टेम्पोत घालून दुकानात आणा, मी बघतो. मामींनाही सोबत घेऊन या, मामा ती कुठे कुठे चालवायचे ते मला ऐकायचंय. घेणारा तेच पहिलं विचारेल.